मिस आयोनीचं मीटर

दुपारच्या बोटीने होडीला गिऱ्हाईक येणार होतं आणि मी सकाळपासून डॅडीच्या होडीच्या पोटात डोकं खुपसून बसले होते. मीटर बिघडलेलं निघू दे, एवढंच मनात घोकत होते. जन्म गेला इंजिनं दुरुस्त करण्यात, पण एखादी वस्तू मोडकी निघावी म्हणून जीव असा टांगणीला कधी लागला नव्हता.

इंजिन किती तास चाललं ते हे मीटर मोजतं. गेल्या आठवड्यात डॅडीच्या वहीत पेन्सिलने सहा तास लिहिलेले, आणि मीटर म्हणत होतं एकतीस. डॅडी शिडाचा माणूस. वारा असताना इंजिन लावणं त्याला कमीपणाचं वाटतं. टिरेल बे या आमच्या खाडीतून बाहेर पडायला आणि परत येऊन नांगर टाकायला, तेवढंच. डिझेलही सहा तासांइतकंच संपलं होतं.

"मीटर खुळं झालंय," डॅडी म्हणाला.

"मीटर नाही, वर्लिन, डॅडी खुळा झालाय," टोरांटोहून माझा भाऊ लेनक्स फोनवर म्हणाला होता. "गार्नेटकाकासारखंच चाललंय. मी तब्येत विचारतो, तो मासळीचं सांगतो. आणि होडी विकायला तो स्वतः हो म्हणालाय. दोनदा विचारलं मी."

गार्नेटकाका शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोला पाव्हणी समजून खुर्ची द्यायचा.  होडी आईच्या नावाची, 'मिस आयोनी'. ती विकण्याबद्दल डॅडीला विचारायचं धाडस मला झालंच नव्हतं.

मी तारा घासूनपुसून काढल्या. मीटर थेट बॅटरीला जोडलं आणि घड्याळ धरून बसले. शेवटचा आकडा तासाचा दहावा भाग दाखवतो, तो सहा मिनिटांत एकाने सरकायला हवा. पाच मिनिटांत मी तीनदा उठले, तीनदा बसले.

"मुंग्या चावतात का गं?" डॅडी म्हणाला.

बरोबर सहाव्या मिनिटाला आकडा सरकला. वाटलं, हातोडी घ्यावी आणि त्या मीटरचा भुगा करावा.

ते परत जागेवर बसवताना आतूनच म्हणाले, "डॅडी, दहाचा पाना दे." पत्ता नाही. शेवटी डोकं बाहेर काढून ओरडले, तेव्हा कुठे मिळाला.

"एकदा सांगितलेलं कळतं मला," तो वर फणकारला.

हे मीटर किल्लीवर चालतं. या जुन्या इंजिनाला दांडा ओढून थांबवायचं आणि मग किल्ली वेगळी बंद करायची. किल्ली चालू राहिली तर इंजिन थांबलं तरी मीटर मोजतच बसतं. तसं होऊ नये म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच बझर बसवला होता. इंजिन बंद आणि किल्ली चालू असली की तो कानठळ्या बसवतो. म्हणजे आता बझर जळलेला निघायला हवा होता. डॅडीचं डोकं ठीक आहे म्हणायला दुसरी आशाच नव्हती.

"रोज करतोस तसं कर. चालू कर, थोड्या वेळाने बंद कर."

त्याने किल्ली फिरवली आणि बझर किंचाळला. चांगला शाबूत होता मेला. इंजिन सुरू झालं तसा थांबला. दोन मिनिटांनी डॅडीने दांडा ओढला, इंजिन थांबलं, बझर पुन्हा बोंबलायला लागला. डॅडीने हात पुसले, डबा उघडला आणि तळलेल्या पावाचा तुकडा मोडला.

"इंजिन थांबलं की कसं शांत वाटतं," तो म्हणाला.

मला रडू फुटलं. ते दिसू नये म्हणून पाठ फिरवली आणि तशीच म्हणाले, "डॅडी, बंद कर ना ते."

बझर बोंबलतच राहिला. मग एकदम मनात काहीतरी आलं. पाठमोरीच, जरा मोठ्याने म्हणाले, "डॅडी, होडीत पाणी शिरलंय!"

वळून पाहिलं, तर तो खारवलेल्या माशातले काटे निवडत होता.

मी त्याचा हात धरून बझरवर ठेवला. ती थरथर त्याच्या बोटांना कळली.

"हे वाजतंय?" त्याने विचारलं.

"मान मुरगळलेल्या कोंबडीसारखं!"

त्याने हात तसाच ठेवला. "दोनदा पहाटे, इथे कुणी यायच्या आधी, किल्ली चालूच सापडली मला," तो म्हणाला. "वाटलं, झाला माझा गार्नेट. कुणाला सांगू?"

"डोकं ठणठणीत आहे तुझं! कान गेलेत, हट्टी म्हाताऱ्या!" मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

"कान नाही गेले. लोकच हल्ली पुटपुटतात. फोनवर तर सगळेच."

"मग तू काय करतोस?"

"हो म्हणतो. माणसं खूश होतात."

"लेनक्सलाही?"

"त्याला तर नेहमीच. काय विचारतो कोण जाणे."

दुपारची बोट धक्क्याला लागत होती. मी त्याच्यासमोर तोंड आणून एकेक शब्द सुटा केला. "होडी विकायची का, असं विचारलं त्याने. दोनदा. घेणारा माणूस त्या बोटीत आहे."

डॅडीने घास खाली ठेवला. एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा आईच्या नावाकडे. मग उठून किल्ली बंद केली, काढली आणि खिशात टाकली. बझर थांबला, तो फक्त माझ्यासाठी.

"जा, त्याला नाही म्हणून सांग," तो एवढ्याने गरजला की शेजारच्या होड्यांवरची माणसं वळून बघायला लागली. "आणि मोठ्याने सांग. मला इथे ऐकू आलं पाहिजे."