बावन्न मिलिमीटरचा आलूबोंडा

बगिच्याजवळच्या ठेल्यावर सिंधुताईने आलूबोंडा दहाचा बारा रुपये केला, त्या दिवशी सेक्टर ६ मध्ये लोककल्याणाची गरज निर्माण झाली. धोंडबांना ती सगळ्यांत आधी जाणवली. घरी पत्नी कमलाबाईंनी तळणावर बंदी घातलेली. सकाळी फिरण्याच्या निमित्ताने खाल्लेला एक बोंडा, निवृत्तीनंतर एवढंच सुख उरलं होतं.

"बारा कावून जी, ताई?"

"आलू महाग, तेल महाग. मी का घरी नोटा छापून राहिली?"

उत्तर बरोबर होतं, म्हणूनच धोंडबांना पटलं नाही. संध्याकाळी आणखी चार निवृत्त सहकारी जमले आणि 'वाजवी भाव समिती' झाली. ठेल्याला पाणी बगिच्याच्या नळाचं; नळाची किल्ली समितीने आपल्याकडे घेतली. सरकार स्थापन झालं.

पहिला ठराव: भाव दहाच. दुसऱ्या दिवशी बोंडा लिंबाएवढा झाला. धोंडबांची उभी नोकरी कारखान्यात रेल्वेचे रूळ मोजण्यात गेलेली. ते जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन आले. दुसरा ठराव: व्यास बावन्न मिलिमीटर, एक मिलिमीटर इकडेतिकडे माफ. बोंडा बरोबर बावन्नचा आला, पण आत बेसनच बेसन. तिसरा ठराव: आलू चाळीस ग्रॅम. तपासणीसाठी रोज एक बोंडा फोडावा लागे. फोडलेला बोंडा विकता येत नाही, म्हणून तो खावा लागे. कामाचा ताण एकावर नको, म्हणून नमुने पाच झाले.

"धोंडबाभाऊ," सिंधुताई कढईवरून मान वर न करता म्हणाली, "रूळ तपासाचे तवा तेबी खाऊन पाहाचे का जी?"

धोंडबा ओशाळले, पण नमुना संपवूनच.

सोमवारी ठेला आला नाही. नळ होता, किल्ली होती, तीन ठराव होते. चार दिवस धोंडबांनी रिकाम्या पोटी बगिच्याला फेऱ्या मारल्या. इतकं निरर्थक आरोग्य त्यांनी जन्मात कमावलं नव्हतं. पाचव्या दिवशी ठेल्याचा पत्ता लागला आणि ते स्कूटरने पलीकडच्या मरोदा वस्तीत पोचले.

बोंडा तेरा रुपये. शेजारचा गुड्डू बाराला देत होता, म्हणून सिंधुताई चटणी दुसऱ्यांदा फुकट वाढत होती, तीही कुणी ठराव न करता.

"किती एमएमचा आहे?" सवयीने धोंडबांच्या तोंडून गेलं.

"मोजला नाही. पटला तं घ्या, नाही तं गुड्डू आहे बाजूले."

खिशातलं व्हर्नियर खिशातच राहिलं. धोंडबांनी दोन खाल्ले. रांगेत समितीचे बाकीचे चौघे होते. पाचही जणांनी एकमेकांना ओळखलं नाही.

संध्याकाळच्या बैठकीत धोंडबांनी अहवाल वाचला: सेक्टर ६ मध्ये आलूबोंड्याचा भाव दहा रुपयांवर स्थिर असून एकाही ग्राहकाची तक्रार नाही. अहवाल एकमताने मंजूर झाला. खोलीत मरोद्याच्या चटणीचा वास येत होता, पण तो विषयपत्रिकेवर नव्हता.