करवलपाड्याचा फाटा

मी एक रस्ता आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगतो, मी कुणाची माफी मागणार नाही.

शीळफाट्याहून कल्याणला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यापासून मानपाड्याजवळ मी फुटतो, कारखान्यांच्या मागून वळतो आणि करवलपाड्यापाशी संपतो. पूर्वी मी भाताच्या गाड्यांची मातीची वाट होतो. पुढे कारखाने आले आणि माझ्यावर खडी पडली. रुंदीकरणासाठी काळुराम नावाच्या शेतकऱ्याने बांधालगतची जमीन दिली. तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं. नंतर पाइपांसाठी, केबलसाठी मला वारंवार खणलं आणि तसंच उघडं टाकलं. रिक्षावाले खड्ड्यात आपटले की शिव्या मात्र मलाच देतात. खणणारा मी होतो का?

गेल्या वर्षी मला पुढे नव्या महामार्गापर्यंत न्यायचं ठरलं. मला आनंद झाला. पण नकाशात पाडा एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला आणि मधोमध उंच काँक्रीटची भिंत होती. ओलांडायला जागाच नव्हती.

काळुरामची बायको रतनआजी आखणी करणाऱ्या विनीतसाहेबांना आडवी गेली. "माझी नात शालंत कशी जाईल?"

"आजी, पुढे यू-टर्न दिलाय ना."

"यू-टर्न गाडीला रं बाबा. पोरीच्या पायांना कसला यू-टर्न?"

साहेब ओशाळले, पण म्हणाले, "नकाशा वरून मंजूर झालाय. माझ्या हातात काही नाही."

भिंतीचं काम सुरू व्हायच्या सकाळी वाहतूक बंद होती. शाळेच्या हेमांगीबाई फळा घेऊन आल्या आणि माझ्यावर मांडून म्हणाल्या, "बसा रे सगळे. आजपासून वर्ग इथेच." पोरं बसली, मागे रतनआजी आणि पाड्यातल्या बायका बसल्या. मुकादमाने जेसीबी सुरू केला. पोरांनी पाढे आणखी मोठ्याने म्हटले. पोलीस आले, म्हणाले, "आजी, उठा, साहेब चिडतील."

"चिडू दे. नाय उठत."

ऊन चढलं. माझं डांबर तापलं, तरी कुणी हललं नाही. मीच आतून घाबरलो होतो. वाटलं, माझं काम रद्द झालं तर? मग वाटलं, होऊ दे. अशा भिंतीसह लांब होण्यापेक्षा मी इथेच संपलेला बरा.

कडेला उभ्या असलेल्या विनीतसाहेबांनी वरिष्ठांना फोन लावला. पहिल्यांदा हळू बोलले, मग चढ्या आवाजात. "सर, मी मुलांवर मशीन घालणार नाही. भुयारी वाट द्यावीच लागेल."

वरिष्ठ दुपारी स्वतः आले, उन्हात उभे राहिले आणि नकाशा बदलायला कबूल झाले. आज माझ्या पोटाखालून सान्वी, रतनआजीची नात, मैत्रिणींबरोबर ओरडत शाळेत जाते. आवाज घुमावा म्हणून मुद्दाम ओरडते.

माझं काम आता पुढच्या पाड्यांकडे सरकतंय. मित्रांनो, मला लांब करा, रुंद करा, खणलंत तर बुजवा. पण ज्यांनी माझ्यासाठी शेतं सोडली, त्यांना ओलांडायला वाट ठेवा. नाही ठेवलीत, तर तिथलीही माणसं माझ्यावर येऊन बसतील. आणि मी त्यांच्याच बाजूने असेन.