संगीताच्या उजव्या हाताचा संशय

मदनसिंगांना पहिला संशय आला तो पॅडवर. संगीताचा उजवा ठोसा रोजच्यापेक्षा जड लागला, आणि तो हात हनुवटीशी परत जायला रोजच्यापेक्षा उशीर लागला. फरक इतका थोडा, की दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. पण मदनसिंग अठरा वर्षं फौजेत होते, त्यातली अकरा बॉक्सिंगच्या रिंगणात गेली, आणि निवृत्तीनंतर कारंज्यातल्या कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये ते पोरापोरींना शिकवत होते. हातात पॅड घालून समोरच्याचे ठोसे त्यांनी हजारोंनी झेलले होते. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं पाहून ठेवलं.

संगीता राठोड मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची, एकोणीस वर्षांची. तिचे आईवडील, लालसिंग आणि भुरीबाई, दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, आणि सोळाव्या वर्षापर्यंत तीही त्यांच्यासोबत फडात असायची. डोक्यावर उसाची मोळी घेऊन लाकडी फळीवरून ट्रकवर चढायचं, असं तिचं लहानपण. आता ती मावशीकडे राहून कॉलेज करत होती आणि आठवड्यातून चार दिवस एसटीने कारंज्याला येत होती. चोपन्न किलोच्या गटात खेळायची. अमरावतीच्या विभागीय निवड स्पर्धेला दोन महिने उरले होते.

एकदा संशय आला की माणसाला सगळंच दिसायला लागतं. तिचं वजन दीड किलोने वाढलं होतं. बनियन खांद्यात घट्ट होत होतं. ती वीस-पंचवीस मिनिटं उशिरा यायची आणि गाडी लेट होती म्हणायची. सराव झाला की एका बाटलीतून पांढरट काहीतरी प्यायची आणि बाटली लगेच पिशवीच्या तळाशी सारायची. मदनसिंगांच्या पलटणीतला एक चांगला खेळाडू इंजेक्शनांपायी बंदी येऊन घरी गेला होता. त्याचेही आधी खांदेच भरले होते.

त्यांनी वैभवीला विचारून पाहिलं. वैभवी कारंज्याचीच, साठ किलोची, संगीतासोबत रोज लढायची. तिने मले नाही मालूम म्हणून सांगितलं, पण सांगताना खाली पाहिलं. मदनसिंगांनी तेही मनात धरून ठेवलं.

एका मंगळवारी ते बसस्टँडवर जाऊन खांबाच्या आडोशाला उभे राहिले. मानोऱ्याची गाडी वेळेवर आली. संगीता उतरली, आणि शेडकडे न वळता बाजाराच्या गल्लीत शिरली. ते अंतर ठेवून तिच्या मागोमाग गेले. कापडाच्या एका दुकानावर वरच्या मजल्यावर नवी जिम निघाली होती. जिना चढून त्यांनी दाराच्या काचेतून पाहिलं. संगीता बाकावर उताणी पडली होती आणि चाळीस किलोचा दांडा छातीपासून वर ढकलत होती. डोक्याशी जिमची रंजीता मॅडम हात पुढे करून उभी होती. दांडा अर्ध्यात थरथरला, थांबला, मग सावकाश वर गेला.

बेंच प्रेस. शेडमधल्या सगळ्यांना त्यांनी ज्या एका व्यायामाला मनाई केली होती, तोच. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं की त्याने छाती भरते, खांदा आखडतो आणि ठोशाचा धक्का होतो. मदनसिंग आल्या पावली खाली उतरले. वास्तविक इंजेक्शन नाही, नुसतं वजन आहे, हे पाहून त्यांना बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. जी पोर हे लपवते ती आणखी काय काय लपवत असेल, हेच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी संगीता शेडच्या दुसऱ्या टोकाला दोरीवरच्या उड्या मारत असताना त्यांनी तिची पिशवी उघडली. तळाशी ती बाटली होती आणि एक प्लॅस्टिकचा डबा, त्यात पिवळट पांढरी भुकटी. त्यांनी वास घेतला, मग चिमूटभर जिभेवर ठेवली. फुटाण्याचं पीठ होतं, साखर घातलेलं. पाण्यात कालवून पोट भरेल असं.

दोरीचा आवाज थांबला होता. त्यांनी वर पाहिलं तर संगीता समोर उभी.

"सर, इचारलं असतं तर मी सांगतलं असतं."

"मंग गाडी लेट हाये असं काहून सांगत होती?"

"तुमी नाही म्हणले असते म्हणून."

दोघांचंही खरं होतं. मदनसिंगांनी डब्याचं झाकण लावलं. डबा पिशवीत परत ठेवला.

मग तिने जे सांगितलं त्यावरून कळलं की संशय एकट्या त्यांच्याच मनात नव्हता. वैभवी अंगाला अंग भिडवून तिला रोज रिंगणाच्या दोरांवर रेटायची आणि सर बाजूला उभे राहून नुसते पाहायचे. संगीताला वाटलं, सरांना वैभवीलाच पुढे न्यायचं आहे. आपल्या अंगात जोर यावा हे त्यांना नकोच आहे, म्हणून ही मनाई. तीन महिन्यांपूर्वी ती स्वतःच त्या जिमचा जिना चढली होती.

गुरुवारी ती रंजीताला घेऊन आली. रंजीता अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकलेली, तिशीची बाई. तिने वाद घातला नाही. छातीच्या जोराने ठोसा किती बनतो ते पाहूनच घेऊ, म्हणाली. संगीताला टांगलेल्या बॅगेसमोर स्टुलावर बसवलं, पाय जमिनीवरून उचलून धरायला लावले आणि पूर्ण ताकदीने मारायला सांगितलं. भुसा आणि वाळू भरलेली ती जड बॅग जेमतेम वीतभर हलली. मग स्टूल काढलं. संगीताने उभं राहून, मागची टाच वळवून, कमरेतून हात सोडला. साखळी खडखडली आणि बॅग मागच्या खांबावर जाऊन आपटली.

मदनसिंग म्हणाले, हेच तर मी वर्षानुवर्षं सांगत आलो, ठोसा पायातून येतो. या पोरीचा जोर मोळ्या वाहून कमावलेला आहे, बाकावर पडून नाही. रंजीताने ते कबूल केलं. मग म्हणाली, आता वैभवीला सांगा रेटायला.

वैभवीने नेहमीसारखं डोकं खांद्यात खुपसून तिला दोरांवर नेलं. संगीताने दोन्ही तळवे तिच्या खांद्यांवर टेकवले आणि ढकललं. वैभवी तीन पावलं मागे गेली. पुन्हा केलं, तेच झालं. मदनसिंगांना वाटलं, या दोघींचं आधीच ठरलेलं असणार. त्यांनी वैभवीला बाजूला केलं आणि स्वतः रिंगणात शिरून सत्तर किलोचं अंग संगीतावर टाकलं. पुढच्या क्षणी ते खाली जमिनीवर बसले होते. कुणी हसलं नाही.

ठरलं ते असं, की वजन आठवड्यातून दोनदाच, तेही हलकं आणि झपकन ढकलायचं, आणि लढतीच्या सरावाच्या दिवशी दांड्याला हात लावायचा नाही. मदनसिंगांनी मान डोलावली. मनातून मात्र त्यांनी काही सोडलं नव्हतं. पुढचे दोन महिने ते तिच्या उजव्या हातावर डोळा ठेवून होते. हात जरा उशिरा परतला की त्यांना वाटायचं, हे त्या बाकाचंच.

अमरावतीला संगीताने पहिल्या दोन लढती जिंकल्या. अंतिम लढत यवतमाळच्या एका उंच मुलीशी होती. पहिला राउंड त्या मुलीचा. दुसऱ्यात ती अंगावर रेलायला आली तशी संगीताने तिला ढकलून सोडवून घेतलं आणि उजव्याने दोनदा नेमकं मारलं. मधल्या विश्रांतीत मदनसिंग तिला पाणी देताना एवढंच म्हणाले, हात लवकर परत आण. तिसऱ्या राउंडमध्ये दोघीही दमल्या होत्या. निकाल लागला तेव्हा पाचपैकी तीन पंच यवतमाळच्या बाजूने होते. पुढे राज्य स्पर्धेला फक्त पहिली जाणार होती.

परतीच्या एसटीत मदनसिंग तिच्या शेजारी बसले. मग म्हणाले, त्या बाकाने तुझा हात जड केला, नाहीतर तिसरा राउंड आपला होता.

संगीताने खिडकीकडचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. डाव्या डोळ्याखाली सूज होती.

"तिसऱ्या राउंडले ते पोरगी डावा मारला का तो हात खालीच सोडून राह्यली होती. दरखेपी. माह्या उजव्याले रस्ता मोकळा. मले आखरीले दिसलं, तवा दहा सेकंद उरले होते. दुसऱ्या राउंडलेही तसंच असन. तुमी बाहेरून पाहून राह्यले होते, सर. तुमाले काहून नाही दिसलं?"

मदनसिंगांनी आठवून पाहिलं. त्यांना संगीताचा उजवा हात आठवत होता, प्रत्येक ठोसा, प्रत्येक वेळी परत यायला लागलेला वेळ. समोरच्या मुलीचा चेहरासुद्धा नीट आठवेना, हात तर दूरच. फौजेत त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं की कोपऱ्यात उभ्या शिक्षकाने आपल्या खेळाडूला नाही, समोरच्याला वाचायचं असतं. हे ते स्वतः शेडमध्ये शंभरदा सांगत आले होते.

"मी तुह्याच हाताकडे पाहत होतो," ते म्हणाले. "चुकलं माहं."

गाडी एका थांब्यावर थांबली, माणसं चढली, उतरली, पुन्हा निघाली. मदनसिंग तिच्याकडे वळून बसले आणि म्हणाले, पहिल्या घंटीपासून सांग, काय काय दिसलं ते. ती आधी अडखळत, मग भरभर सांगू लागली. मुलगी कोणत्या पायावर जोर देत होती, दमल्यावर श्वास कसा सोडत होती, ढकलल्यावर कुठल्या बाजूला झुकत होती. मधे दोनदा त्यांच्या ओठांवर आलं की असं नसेल, तुला भास झाला असेल. दोन्ही वेळा ते गप्प बसले आणि ऐकत राहिले.