कडीवर ठेवलेला हात

मी कडी बोलतेय, जीवरामभाऊंच्या कापसाच्या खोलीची. बोदवडच्या लोहाराने मला ठोकून घडवलं, तेव्हापासून खाड्कन बसायचं आणि गप्प राहायचं, एवढंच माझं काम. वेचणी झाली की माझ्यामागे आढ्यापर्यंत कापूस. पोरांना त्यात उड्या मारायची भारी हौस! पण कापूस मळला की व्यापारी नाक मुरडतो, म्हणून मी सदानकदा लावलेली.

भाऊंची थोरली लेक बेबी, पाच वर्षांची. तहान लागली तरी पाणी मागायची नाही, बोटही दाखवायची नाही. आईचं मनगट धरून ओढत न्यायची आणि तिचा हात माठावर ठेवायची. बोलायची ती ऐकलेलीच वाक्यं, जशीच्या तशी. लोक म्हणत, नुसती पोपटपंची! मला भारी राग यायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या सकाळी हवा लागावी म्हणून खोली उघडी होती. धाकटा निंबा रांगत आत शिरला, ढिगाच्या कडेला झोपला, आणि वरचा कापूस त्याच्यावर घसरला. भाऊंनी आत न बघता मला लावलं. पोरगं शेजारच्या कलाबाईंकडे असेल, असं त्यांना वाटलं. त्या रोज न्यायच्या. बघितलं ते फक्त बेबीने.

तिने बापाचं मनगट धरलं आणि हात माझ्यावर आणून ठेवला.

"कापसात नाचाचं हाये का तुले? सोड!" भाऊंनी हात झटकला.

तिने पुन्हा ठेवला. दारात व्यापाऱ्याचा टेम्पो उभा, भाऊंचा पारा चढलेला. मी खडखडले, पण कडीचं कोण ऐकतो? आतून रडणंसुद्धा येईना. माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात कलाबाई आल्या. "सुनंदा, निंबाले दे वं, नेते."

"तुमच्याकडे नाही तो?" बेबीच्या आईचा, सुनंदाचा चेहरा पांढराफटक पडला.

बेबीने बापाचा हात परत माझ्यावर दाबला आणि थेट आईच्या सुरात म्हणाली, "बाळ निजलं, गलका नका करू."

रोज निंबाला निजवताना सुनंदा हेच म्हणायची. ती किंचाळली, "अहो, कडी काढा!"

भाऊंनी मला हिसका दिला. मी निघाले. दोघांनी कापूस ओंजळींनी उपसला. निंबा निळा पडला होता. सुनंदाने त्याला पालथा धरून पाठीवर थापट्या मारल्या. अन् रडला हो तो! इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर बेबीने मनगट धरलं की भाऊ जेवतं ताट सोडून उठायचे.

आता खोली रिकामी आहे, मला गंज चढलाय. जाता जाता एवढंच मागते. एखादं लेकरू तुमचं मनगट धरून ओढत असेल, तर हात झटकू नका. तो कुठे ठेवतंय, ते बघा. बेबीने पुन्हा पुन्हा ठेवला, म्हणून निंबा आहे.