सरळ केलेला डोळा

“आमच्या शिवकन्येचे जुने फोटो पायजेत, अप्पा. धा‍वीपासनं जितके असतील तितके,” लिंबाजी काउंटरला टेकून म्हणाला. “सोलापूरच्या डाक्टरनं मागितल्यात.”

जळकोटच्या आपल्या फोटो स्टुडिओत बसलेल्या शांतलिंगअप्पांचा हात माउसवरच थांबला.

“का? काय झालं पोरीला?”

“नाकाच्या बाजूला, हाडाच्या पोकळीत गाठ हाय. हाडाचीच. क्यान्सर न्हाय म्हनत्यात, पर तिनं डावा डोळा भाईर ढकललाय. एकाचे दोन दिसत्यात, आता नजर बी कमी झालीय. डोळा कवापासनं सरकलाय त्ये फोटोवरनं कळतंय म्हणं.”

अप्पांना ते चांगलं ठाऊक होतं. अकरावीच्या फॉर्मसाठी ती आली, तेव्हाच डावा डोळा जरा खाली, जरा पुढं दिसला होता. अप्पा कामाला चोख. त्यांनी तो स्क्रीनवर उचलून उजव्याच्या रेषेत बसवला. पुढच्या वर्षी थोडा जास्त उचलावा लागला. स्थळांना पाठवायच्या फोटोवर तर ते अर्धा तास खपले आणि स्वतःवरच खूश झाले. पोरीला मात्र एका शब्दानं विचारलं नाही. उगाच कशाला तिचं मन दुखवा, असं तेव्हा वाटलं होतं. आता त्या चांगुलपणाची त्यांना शरम वाटली.

सरळ केलेलेच फोटो पुन्हा छापून दिले असते, तर कुणाला काही कळलं नसतं. फक्त डॉक्टर फसला असता. अप्पांनी मूळ फोटो शोधले आणि स्क्रीनवर ओळीनं लावले. चार वर्षांतले सात फोटो. दर फोटोत डोळा आणखी खाली उतरलेला.

“ह्ये आमच्याकडं न्हाईत,” लिंबाजी म्हणाला.

“न्हाईत. तुमाला दिलेल्यात म्या डोळा सरळ केला हुता. मला दर वर्षी दिसत हुतं, लिंबाजी. म्या बोललो न्हाय. लई चुकलं माझं.”

लिंबाजी स्क्रीनकडे बघत राहिला. तो चिडला असता तर अप्पांना बरं वाटलं असतं.

“दोन वर्सामागं तिची आई म्हनली हुती, पोरीचा डोळा येगळा दिसतोय, दवाखान्यात दावू,” तो हळू आवाजात म्हणाला. “म्याच भिंतीवरचा फोटो काढून तिच्या म्होरं धरला. म्हनलं, बघ की, दोन्ही सारखेच हायत.”

अप्पांनी मान खाली घालून प्रिंटर चालू केला. फोटो एकेक करून बाहेर येऊ लागले. लिंबाजी प्रत्येक फोटो कडेला धरून उचलत होता आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवत होता.