लाल की हिरवं? मला कोणी विचारलंच नाही

कॉम्प्युटर सुरू केला की मागून बारीक घूं घूं येतं ना, तो आवाज माझा. मी पावरचा डब्बा. दुकानदार मला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली वीज मी घेतो आणि आतल्या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या मापाने वाटून देतो. पंगतीत वाढणाऱ्याकडे कोणी बघत नाही, वरण संपलं की मग सगळे बघतात. माझंही तसंच आहे.

जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं फार आठवत नाही. खोका आणि अंधार, एवढंच. मग एक दिवस गोंदियाला नंदलालभाऊंच्या दुकानात खोका उघडला आणि समोर दोन तोंडं दिसली. एक भूपेंद्र, दुसरा त्याचा लहान भाऊ टिंकू. भूपेंद्रने मला हातात तोलून पाहिलं आणि म्हणाला, "वजन हाय. चालते." धानाच्या मुलखात माल असाच पारखतात.

त्याने मला गोंदियाजवळच्या गोरेगावला आणलं आणि स्वतःच्या हाताने बसवलं. घराच्या समोरच्या खोलीत त्याचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान होतं. दिवसभर सातबारा, धान विक्रीची नोंदणी, पोरापोरींचे परीक्षेचे फॉर्म. संध्याकाळी शटर अर्धं खाली यायचं, टिंकू राइस मिलमधून कोंड्याने पांढरा होऊन यायचा आणि दोघांची गाड्यांची शर्यत सुरू व्हायची. टिंकूच्या अंगावरचा कोंडा थेट माझ्या पंख्यात. माझा श्वास कोंडला की कॉम्प्युटर बंद पडायचा. हरत असलेला लगेच म्हणायचा, "लाइन गेली, मॅच रद्द!"

पडद्यावरचं चित्र तयार करणारं ग्राफिक कार्ड आता थकलं होतं. दिवाळीत नवीन घ्यायचं ठरलं. पण कोणतं? भूपेंद्र एएमडीचा, म्हणजे लाल पार्टीचा. टिंकू एनव्हिडियाचा, हिरव्या पार्टीचा. निवडणुकीतही इतकं कोणी भांडत नसेल.

"लालमंदी मेमरी जास्त भेटते."

"मेमरी काय चाटतो? हिरव्याचा उजेड पाह्य. गेममंदी पाण्यात झाडं दिसतेत."

"झाडं पाहाले बोदलकस्याच्या तलावावर जाय ना."

"तुले काही समजतच नाही, भाऊ."

"नववी नापास मले शिकवून राहिला!"

"बारावी पास तरी माझ्याकडून हारते!"

मग चप्पल उडाल्याचा आवाज. मी आत बसून ऐकायचो. इतक्या भांडणात एकानेही विचारलं नाही, की कोणतंही आणा, पण या डब्ब्याला झेपेल का?

पोळ्याच्या चार दिवस आधी भूपेंद्र तापाने गेला. गोंदियाच्या दवाखान्यात नेला होता, तीनच दिवस. मला कोणी सांगितलं नाही. बटण दाबलं जात नाही, एवढंच कळलं. एक दिवस, दोन दिवस, मग दिवस मोजणं सोडलं. टिंकू त्या खोलीत पाय टाकेना. मिलमधून आला की मागच्या दाराने घरात जायचा. त्याची माय, शामकलाबाई, दारातून आत बघायची आणि दार ओढून घ्यायची.

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा टिंकू अचानक ओरडत आला. "माय, मी कार्ड आणून राहिलो. लाल. भाऊचं."

"जे आणायचं ते आण बापा," शामकलाबाई म्हणाली. "पण त्या खोलीत बस तरी."

टिंकूने नंदलालभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "पहले पावर के डब्बे का लेबल देख. कितने वॉट का है?"

माझं लेबल आतल्या बाजूला. फट छोटी, अक्षरं बारीक. दुसऱ्या कोणी मोबाईल आत घालून फोटो काढला असता. टिंकूने पेचकस घेतला आणि मलाच काढायला लागला. वायर तशीच भिंतीत खोचलेली. लाइन गेली होती म्हणून वाचला. मला ओढलं, वायर ताणली गेली, तेव्हा कुठे त्याने ती काढली.

मग त्याने मला उलटं केलं. लेबलाच्या वर काळ्या मार्करने भूपेंद्रचं अक्षर होतं. मला बसवताना, टिंकू चहा आणायला गेला होता तेव्हा लिहिलेलं:

"टिंक्या, तुझा हात इथवर आला म्हणजे मी घरी नाही. पहिले वायर काढ, गाढवा."

टिंकूने वाचलं. परत वाचलं. आणि फरशीवर बसून हसायला लागला, इतका, की शामकलाबाई हातात पळी घेऊन धावत आली.

"काय झालं रे?"

त्याने मला तिच्यासमोर धरलं. त्याला वाचून दाखवता येईना. मग तिनेच अक्षर अक्षर लावून वाचलं. 'गाढवा'पाशी आली आणि तिलाही हसू फुटलं. पदर तोंडाला लावून तीही त्याच्याशेजारी फरशीवर बसली.

दुसऱ्या दिवशी मला तांदळाच्या रिकाम्या पोत्यात घालून टिंकू एसटीत बसला. मी आयुष्यात पहिल्यांदा रस्ता पाहिला, पोत्याच्या भोकातून.

"काय हाय बे पोत्यात? कोंबडी?" कंडक्टरने विचारलं.

"पावर हाय."

"मंग ड्रायव्हरले दे. गाडी चढावर दमते."

नंदलालभाऊंनी कपाळाला हात लावला. "पूरा उखाड़ के ले आया? अरे, लेबल का फोटो भेजना था!" त्यांनी काउंटरवर दोन खोके ठेवले, एक लाल, एक हिरवा.

"लाल द्या," टिंकू म्हणाला.

"इस लालवाले को पावर के दो पिन लगते. तेरे डब्बे में एक ही है. साढ़े चार सौ वॉट में ये नहीं झेलेगा. नया डब्बा ले, ये उधर डाल दे."

उधर म्हणजे कोपऱ्यातलं खोकं. त्यात माझ्यासारखे सात-आठ जण पडले होते, वायरी एकमेकांत गुंतलेल्या.

"आणि हिरवं?"

"वो इसी पे चल जाएगा. आराम से."

खरं सांगतो, मला बसवणारा माणूस लाल पार्टीचा. पण त्या क्षणी मी पक्का हिरवा झालो.

टिंकू मात्र अडकला. लाल घेतलं तर भाऊच्या अक्षराचा डब्बा भंगारात. घरी नेऊन कपाटात ठेवला तरी बंदच. आणि हिरवं घेतलं तर भाऊ हरतो, तेही तो नसताना. त्याने घरी फोन लावला.

"माय, भाऊ हारून राहिला."

सगळं ऐकून शामकलाबाईने विचारलं, "त्या डब्ब्यावर कोणतं चालते?"

"हिरवं."

"मंग हिरवं घे."

"पण भाऊले..."

"मागं त्याचा पाय मोडला होता, तवा तू मुद्दाम हारला होता. आठवते? तुले वाटलं, खुश होईल. दोन दिवस बोलला नाही तुझ्यासंग. म्हणे, मले भीक देते का? मंग आता काऊन भीक देऊन राहिला त्याले?"

नंदलालभाऊ आधीच पुसलेली काच पुन्हा पुसायला लागले.

"हिरवं द्या," टिंकू म्हणाला. मग मला पोत्यात घालताना हळूच म्हणाला, "हारला तू, भाऊ. इमानदारीनं हारला."

नवीन कार्ड बसवून आज चौथा दिवस आहे. माझ्या पंख्यातला कोंडा त्याने ब्रशने काढला. शटर अर्धं खाली आहे. टिंकू खोलीत आहे आणि शेजारच्या खुर्चीत शामकलाबाई. "मलेही शिकव," म्हणाली. तिची गाडी सरळ जातच नाही. काल तीनदा भिंतीवर, एकदा तळ्यात. टिंकू ओरडतो, "माय, ब्रेक! ब्रेक कायले असते?" ती म्हणते, "तू दाब ना तुझा. माझी गाडी हाय."

नवीन कार्ड तरणं आहे, त्याला भूक फार. माझं वय झालंय, दुपारी तापतो, पण झेपतंय. तुम्ही लाल घ्या, हिरवं घ्या, आणि भांडायचं तेवढं मोकळेपणाने भांडा. फक्त खोका फोडण्याआधी एकदा मागे वाकून बघा, भार कोणाच्या अंगावर पडणार आहे ते.

बरं, आवरतो. शामकलाबाई पुन्हा भिंतीकडे निघाली आहे. धडकेचं चित्र रंगवायला कार्डला आता एकदम जास्त वीज लागेल.