जुन्या पट्टीवरचा आळ

मी रॅमची पट्टी बोलतेय. नाव ऐकून बिचकू नका. हिरवं अंग, त्यावर काळ्या चौकटी आणि एका काठाला सोनेरी दात, एवढंच माझं रूप. संगणक चालू असताना पडद्यावर जे दिसतं, कानाला जे ऐकू येतं, ते आधी माझ्यापाशी येतं. मी ते घडीभर धरते आणि पुढं देते. वीज गेली की सगळं विसरते. कायमचं जपून ठेवायचं काम हार्ड डिस्कचं.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यात झाला. तिथून फिरत फिरत मी मंचरला सावळारामच्या संगणकाच्या दुकानात आले. एके दिवशी निमगाव साव्याचा ऋषी तिथं आला. त्याच्या बायकोनं, अश्विनीनं, लग्नाआधी संगणकाचा कोर्स केला होता. घरी बसून लग्नपत्रिका आणि शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचा तिचा विचार होता. मंडईत कांदा उतरवून परत निघालेल्या पिकअपमध्ये, रिकाम्या गोणींच्या गादीवर बसून आमची पेटी, म्हणजे मी जिच्या पोटात होते तो संगणक, निमगावात आली.

ऋषीचे वडील हौशीराम त्या पेटीवर फार खूश. पाहुणे आले की आधी तिच्याकडं बोट दाखवायचे. त्या साली गावच्या जत्रेला त्यांचा पुतण्या दादाभाऊ पुण्याहून आला होता. त्याच्याकडं डिजिटल कॅमेरा होता. दारातल्या मांडवाखाली शेव-रेवडी खात बसलेल्या चुलत्याचं त्यानं चालतं-बोलतं चित्र घेतलं. "आरं, आवाजबी भरतोय व्हय ह्यात?" हौशीराम विचारतात आणि इतके हसतात की टोपी कपाळावर येते. "मंग राम राम मंडळी! लई दिस झालं, जेवायला या!" एवढंच ते चित्र. दादाभाऊनं ते आमच्या संगणकात घातलं आणि आपला कॅमेरा रिकामा केला.

पुढच्या थंडीत हौशीराम गेले. झोपेतच गेले.

त्यानंतर दुपारची भांडी झाली की त्यांच्या पत्नी, धोंडाबाई, संगणकासमोर येऊन बसायच्या. तोंडानं काही मागायच्या नाहीत. अश्विनी हातातलं टायपिंग बाजूला ठेवून ते चित्र लावायची. मी तो आवाज धरायचे, पुढं द्यायचे. एकदा झालं की बाई उठून कामाला लागायच्या. फोटो त्यांच्याकडं होते, पण आवाज एवढाच होता. फ्लॉपीत तो मावत नव्हता आणि सीडी भरायची सोय घरात नव्हती.

टायपिंगचं काम वाढलं, तशी ऋषीनं माझ्या शेजारी दुसरी पट्टी आणून बसवली. नवी, माझ्याहून दुप्पट ताकदीची. सुरुवातीला मशीन पळू लागलं. मग हळूहळू विचित्र घडायला लागलं. तिच्याकडं एक द्यावं, तर परत भलतंच यायचं. टाइप केलेलं पान मध्येच गायब व्हायचं. आणि एका दुपारी हौशीराम "राम राम" म्हणता म्हणता अडकले. पडदा निळा झाला, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली.

"काय झालं गं?" धोंडाबाईंनी विचारलं.

"काय न्हाई आत्या, बंद करून लावते," अश्विनी म्हणाली. पण पुन्हा तेच झालं.

ऋषी चाकणला कंपनीत होता. गुरुवारच्या सुट्टीला घरी आला, तो संगणक नव्यानं भरायची सीडी घेऊनच.

"व्हायरस शिरलाय. फॉरमॅट मारतो."

"अहो, मग मामांचं चित्र?"

"जाईल. पण मशीन तरी राहील ना!"

"नको. हात लावू नका त्याला," अश्विनी म्हणाली. एवढ्या ठाम आवाजात ती नवऱ्याशी बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

मग त्यानं पेटी उघडली. "ही जुनी पट्टीच खराब झाली असंल," म्हणत मला उपटून खिडकीत ठेवलं. बटण दाबलं, तर पडदा काळा आणि पेटीतून नुसती लांब लांब किंकाळी. "गेलं. मदरबोर्डच गेला," ऋषी म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ड्युटीवर निघून गेला.

मी खिडकीत पडून होते. आपण चांगल्या आहोत, हे सांगायला मला तोंड नव्हतं.

दुपारी धोंडाबाई नेहमीसारख्या येऊन बसल्या. काळ्या पडद्याकडं बघत राहिल्या. "आता न्हाई का ऐकू यायचं?"

अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, आत दोन पट्ट्या व्हत्या. जुनी काढली तर हे असं वरडतंय."

"मग नवी काढून बघितली का?"

"न्हाई."

"आगं, दोन म्हशींचं दूध एकत्र तापवलं आन नासलं, तर आपण काय करतो? येगयेगळं तापवून बघतो का न्हाई?"

कोर्समध्ये सरांनीही हेच सांगितलेलं अश्विनीला आठवलं: एका वेळी एकच पट्टी लावायची. तिनं वायर काढली. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या पत्र्याला हात लावून घेतला. नवी पट्टी बाहेर काढली, माझे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसले आणि मला जागेवर बसवून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक! वायर लावली, बटण दाबलं.

किंकाळी आली नाही. पडदा उजळला.

एकटीच्या जिवावर मला सगळं पेलायचं होतं, म्हणून मशीन हळू चाललं. पण चाललं. अश्विनीनं चित्र लावलं. टोपी कपाळावर आली आणि हौशीराम शेवटपर्यंत म्हणाले, "लई दिस झालं, जेवायला या!"

"आगं बया, हाय की! हाय!" म्हणत धोंडाबाई भुईवर बसल्या आणि पदरात तोंड घालून हसायला लागल्या. अश्विनी रडता रडता हसत होती. माझ्यावरचा आळ गेला होता. पण खरं सांगू? त्या घडीला मला त्याची आठवणही नव्हती.

सावळारामनं ती बिघडलेली पट्टी बदलून दिली आणि त्या चित्राच्या सीड्याही भरून दिल्या. त्या पट्टीचा मला राग नाही. आपल्या अंगात दोष आहे, हे तिलाही कुठं ठाऊक होतं?

पुढं एकदा अश्विनीनं माइक आणला. धोंडाबाई तो हातात घेऊन म्हणाल्या, "मी बोलले तर ऱ्हाईल ह्यात?"

"ऱ्हाईल की."

त्या माइकशी तोंड नेऊन हळूच बोलू लागल्या, "आवं, औंदा कांदा चांगला आलाय. ऋषीला पोरगी झाली. प्राची ठेवलंय नाव. नाक तुमचंच हाय बघा."

ते शब्द मी धरले आणि जपून पुढं दिले.

आता त्या घरात नवा संगणक आहे. त्याच्या खाचेत मी बसत नाही. अश्विनीनं मला भंगारात घातलं नाही. बटणांच्या डब्यात ठेवलंय. दोन्ही आवाज आता ऋषीच्या मोबाइलमध्ये आहेत, दादाभाऊकडं आहेत, सीड्यांवर आहेत. ते आता एका पेटीच्या जिवावर नाहीत, म्हणून मी निवांत पडून असते.

तुमच्या घरातही कुणाचा आवाज एकाच जागी असेल, तर आज त्याची दुसरी प्रत काढा. एवढंच मागते. येते मी.